डब्यावरच्या डॉक्टरचा सातबारा कसा काढायचा

आमच्या गावचा बाजार बुधवारचा. दिवाळीच्या आधी तिथं एक पोरगा म्हाताऱ्यांच्या ताकदीच्या पावडरीचे डबे घेऊन बसला होता, डबा 1,450 रुपयांना. पत्रकावर कोट घातलेल्या परदेशी डॉक्टरचा फोटो, खाली '300 शोधनिबंध'. शेजारच्या मामाजींनी कापसाच्या चुकाऱ्यातून दोन डबे घेतले आणि पत्रक माझ्या ऑनलाइन सेंटरवर आणून ठेवलं. "पाह्य बरं बापू, हा माणूस खरा हाय का?"

माझं काम सातबारा अन् पीकविम्याचं, डॉक्टरकीचं नाही. पण संशोधकाची यादीही सातबाऱ्यासारखीच वाचायची असते. नाव पाहून थांबणारा फसतो.

मोबाइलवर पबमेड उघडा. ही अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची फुकट साइट, वैद्यकीय लेखांच्या साडेतीन कोटींहून जास्त नोंदींची. इंग्रजीत आधी आडनाव टाका, मग नावाचं आद्याक्षर. 'डॉक्टर', 'प्रोफेसर' टाकू नका, पदवीनं शोध बिघडतो.

यादी आली की लगेच मोजायला बसू नका. आमच्या गावात एकाच नावाचे तिघं आहेत, एकाची नोटीस दुसऱ्याच्या दारावर लागते. तिकडंही तेच. लेख उघडून नावाखालची संस्था जुळते का पहा. काहींच्या नावाला 16 अंकी ऑर्किड नंबर जोडलेला असतो, तो संशोधकाचं आधार कार्डच समजा. मात्र ही सोय 2012 पासूनची, म्हणून जुन्या लेखांवर नसली तर शंका घेऊ नका.

मग फिल्टरमध्ये 'रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल'वर टिक करा. संपादकाला लिहिलेलं पत्रही यादीत एक नोंद म्हणून धरलं जातं. चिठ्ठ्या टाकल्यासारखे माणसांचे गट पाडून औषध खरोखर तपासलं, असे लेख वेगळे निघाले पाहिजेत. मामाजींच्या डॉक्टरचे उरले सात. सातही आयसीयूतल्या रुग्णांना नळीनं अन्न देण्याबद्दल. माणूस खरा, काम खरं, पण पावडरीचा त्यात पत्ता नाही.

आता 'इतर हक्क'. सातबाऱ्यावर बोजा तिथं दिसतो. लेखाच्या सारांशाखाली 'कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट' असेल तर ते वाचा, भाषांतर करून वाचा. कोणत्या कंपनीचा पैसा, पेटंट कोणाचं, ते तिथं सांगायचं असतं. बोजा आहे म्हणून जमीन खोटी ठरत नाही, पण माहीत नसताना घ्यायची नसते.

आणि लेख रद्द तर झाला नाही ना, हेही पहा. रद्द लेख यादीतून जात नाही, पण पानावर 'रिट्रॅक्टेड' असं ठळक लिहिलेलं असतं. रणजित कुमार चंद्रा हे कॅनडातले नावाजलेले पोषण-संशोधक. 96 म्हाताऱ्यांना जीवनसत्त्वं आणि खनिजं दिल्यावर आजारपण कमी झालं, असा त्यांचा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 1992 मध्ये आला. 2001 मध्ये दुसरा, अशा मिश्रणानं म्हाताऱ्यांची बुद्धी तल्लख राहते असा. मिश्रणाचं पेटंट त्यांचंच. दुसरा लेख 2005 मध्ये मागे घेतला गेला, 'लॅन्सेट'चा थेट 2016 मध्ये. म्हणजे 24 वर्षं तो यादीत मानानं उभा होता.

मामाजींना एवढं सांगितलं तर म्हणाले, "मंग खाऊ काय?" प्रॉट-एज या तज्ज्ञगटानं 2013 मध्ये सांगितलं ते असं, म्हातारपणी वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं. मामाजींचं वजन 48, म्हणजे 48 ते 58 ग्रॅम. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा हिशेब डॉक्टरला विचारूनच.) डब्यामागं बारीक अक्षरात होतं, एका खुराकात 6 ग्रॅम, डब्यात 15 खुराक. एक खुराक 97 रुपयांना पडतो. एवढी प्रथिनं सात रुपयांच्या अंड्यात आहेत.

पण मामाजी माळकरी, आणि फुटाणे चावायला दात नाहीत. मामींनी फुटाणे मिक्सरमधून काढले, दुधात कालवले, वर गूळ. वरणाची वाटीही दोन्ही वेळा मोठी झाली.

दुसरा डबा फोडलेला नव्हता. पुढच्या बुधवारी तो परत करायला आम्ही दोघं बाजारात गेलो. पोरगा तिथंच बसला होता, डबेही तेच. पत्रकावर मात्र दुसऱ्याच डॉक्टरचा फोटो होता, अन् खाली '450 शोधनिबंध'.