ध्रुवतारा फुलीच्या मधोमध घेऊ नका : पोलर स्कोपने माउंट कसा जुळवावा

इक्वेटोरियल माउंट म्हणजे ट्रायपॉडवर बसणारा, दुर्बीण पेलून ती फिरवणारा भाग. त्याचं गणित साधं आहे. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, माउंटची मोटर तेवढ्याच वेगाने दुर्बीण उलट दिशेला फिरवते आणि तारा नजरेसमोर स्थिर राहतो. अट एकच: माउंटचा आर.ए. अक्ष, म्हणजे मोटर ज्याभोवती दुर्बीण फिरवते तो अक्ष, पृथ्वीच्या अक्षाला समांतर हवा. तो तिरका राहिला तर मोटर कितीही भारी असो, फोटोतले तारे लांबुळके होणारच.

या अक्षाच्या पोकळीत बसवलेली छोटी दुर्बीण म्हणजे पोलर स्कोप. तिच्या काचेवर, म्हणजे रेटिकलवर, मधोमध फुली आणि तिच्याभोवती घड्याळासारखी तबकडी कोरलेली असते. त्यात ध्रुवतारा दिसला की तो फुलीच्या मधोमध आणावासा वाटतो. पण आकाशाचा खरा ध्रुव ही एक रिकामी जागा आहे, आणि ध्रुवतारा तिच्यापासून सध्या सुमारे 38 कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) दूर आहे. पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासाहून हे अंतर जास्त भरतं. तारा मधोमध ठेवला तर मिनिटाला 10 विकलांपर्यंत (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) सरक येते. 3.76 मायक्रॉनचे पिक्सेल असलेल्या कॅमेऱ्याला 200 मिमीची लेन्स लावली असेल, तर ही सरक तीन पिक्सेलच्या आत राहते. तोच कॅमेरा 1000 मिमीच्या दुर्बिणीला लावला की एका मिनिटात 13 पिक्सेल!

दिवसाउजेडी करायचं काम

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि नेमकी हीच वगळली जाते. पोलर स्कोपची फुली माउंटच्या अक्षावर बरोबर बसलेली आहे, असं गृहीत धरू नका. नव्या माउंटमध्येही ती सरकलेली असू शकते.

लांबचा मोबाइल टॉवर किंवा देवळाचा कळस निवडा. अक्षाच्या पुढचं झाकण काढा. बऱ्याच माउंटमध्ये काउंटरवेटचा (दुर्बिणीला तोलणाऱ्या वजनाचा) दांडा बाहेर ओढून क्रांती अक्ष (आर.ए.ला काटकोनात असलेला दुसरा अक्ष) फिरवल्याशिवाय आतलं भोक मोकळं होत नाही, तेही करा. माउंटच्या बोल्टनी कळसाचं टोक फुलीवर आणा आणि आर.ए. अक्ष अर्धा फेरा, म्हणजे 180 अंश, फिरवा. टोक फुलीवरच राहिलं तर काम झालं. सरकलं असेल तर सरकलेल्या अंतराचा निम्मा भाग पोलर स्कोपच्या तीन बारीक स्क्रूंनी भरून काढा आणि उरलेला निम्मा माउंटच्या बोल्टनी. पुन्हा फिरवा, पुन्हा तपासा. तीन-चार फेऱ्यांत जमतं. एक स्क्रू आवळण्याआधी समोरचे किंचित सैल करा, पण तिन्ही एकदम सैल करू नका. रेटिकलची काच सुटली तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल.

हे एकदा नीट बसलं की कित्येक महिने पुन्हा हात लावावा लागत नाही.

जागा आणि मांडणी

ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची साधारण आपल्या अक्षांशाइतकी असते: पुण्यात साडेअठरा अंश, मुंबईत 19, नागपुरात 21. हात लांब करून मूठ धरली तर ती सुमारे 10 अंश व्यापते, म्हणजे आपला ध्रुव जेमतेम दोन मुठी वर. उत्तरेला आंब्याचं झाड, डोंगराची सोंड किंवा गावाच्या दिव्यांचा धुरकट उजेड असेल तर तो दिसणारच नाही. म्हणून जागा उजेड असतानाच बघून ठेवा.

ट्रायपॉडवर पाणसळ ठेवून तो सपाट करा. सपाटी अगदी काटेकोर नसली तरी चालतं. ती असली की उंचीचा बोल्ट फक्त उंची बदलतो आणि बाजूचे बोल्ट फक्त दिशा, त्यामुळे हात पटकन बसतो. होकायंत्राने उत्तर धरा. महाराष्ट्रात चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक एका अंशाच्याही आत आहे, तेव्हा तो सोडून दिला तरी चालेल. होकायंत्र मात्र माउंटच्या लोखंडापासून दूर धरा.

आपल्या अक्षांशावर अक्ष जवळजवळ आडवा होतो. काउंटरवेट ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला आपटत नाही ना, हे अंधार पडण्याआधी हाताने फिरवून बघा. पोलर स्कोपमध्ये डोकावायला गुडघ्यांवर बसावं लागतं, त्यामुळे खाली सतरंजी हवीच.

अंधार पडल्यावर

काउंटरवेट आणि दुर्बीण आधी चढवा, कारण वजनाने माउंट किंचित दबतो. उंचीच्या मोजपट्टीवर आपला अक्षांश लावा. आता पोलर स्कोपमध्ये ध्रुवतारा सापडायला हवा. नुसत्या डोळ्यांनी ओळखायचा तर मार्चनंतरच्या संध्याकाळी सप्तर्षीतल्या चौकोनाच्या कडेच्या पुलह-क्रतू या दोन ताऱ्यांची रेघ पुढे वाढवा. हिवाळ्यात ध्रुवताऱ्याच्या वर शर्मिष्ठा (कॅसिओपिया) हा तारकासमूह असतो.

तारा फुलीवर आणा आणि उंचीचा बोल्ट थोडा फिरवा. तारा ज्या रेघेत वरखाली जातो, तिच्यावर रेटिकलची उभी रेघ येईपर्यंत आर.ए. अक्ष फिरवा आणि घट्ट करा. आता रेटिकलवरचे 12 बरोबर वर आले.

पुढचं काम मोबाइलवरच्या पोलर अलाइनमेंट ॲपचं. त्यात आपलं रेटिकल निवडा. जीपीएस चालू हवं, कारण रेखांश चुकला तर ताऱ्याची जागा चुकते: मुंबईऐवजी नागपूर राहिलं तर घड्याळाच्या तबकडीवर 6 अंशांचा फरक. ॲप दाखवेल त्या जागी, वर्तुळाच्या कडेवर, ध्रुवतारा आणून ठेवा. वेगवेगळ्या सालांची वर्तुळं असतील तर चालू सालाच्या जवळचं घ्या. पृथ्वीच्या अक्षाच्या मंद डोलण्यामुळे तारा सध्या दरवर्षी ध्रुवाच्या थोडा जवळ येतोय.

ॲपवर आंधळा विश्वास टाकू नका, आकाशाकडेही बघा. ध्रुवतारा ध्रुवापासून साधारण शर्मिष्ठेच्या बाजूला असतो. डिसेंबरच्या मध्यात पुण्याहून रात्री दहाच्या सुमारास तो ध्रुवाच्या बरोबर वर येतो. पोलर स्कोप मात्र चित्र उलटं दाखवतो, म्हणून त्या वेळी तारा तबकडीवर 6 च्या जागी हवा. ॲप तारा 12 वर ठेवायला सांगत असेल तर त्यातली उलट्या चित्राची सेटिंग तपासा. परदेशी मार्गदर्शकांत ध्रुवमत्स्यातल्या कोकाब ताऱ्यावरून दिशा ठरवायला सांगतात, पण हिवाळी संध्याकाळी आपल्याकडे तो उत्तर क्षितिजाला टेकलेला असतो. त्यापेक्षा शर्मिष्ठाच बरी.

बाजूचे दोन बोल्ट एकमेकांविरुद्ध काम करतात. एक सैल केल्याशिवाय दुसरा आवळू नका. उंचीची शेवटची हालचाल खालून वर करा आणि दुसऱ्या हाताने दुर्बिणीला आधार द्या, म्हणजे बोल्टवर ताण येत नाही. सगळं घट्ट केल्यावर पुन्हा एकदा आत बघा, कारण आवळतानाच तारा हटकून सरकतो.

एवढ्या खाली वातावरण ताऱ्याला सुमारे 3 कला वर उचलून दाखवतं. 200 मिमीच्या लेन्सला त्याने फरक पडत नाही. लांब दुर्बिणीने लांब एक्सपोजर घ्यायचं असेल तर यापुढे ड्रिफ्ट पद्धतीने, म्हणजे तारा कुठे सरकतो ते बघून, बारीक जुळवणी करा.

यानंतर गो-टूने (दुर्बीण आपोआप ताऱ्याकडे वळवणाऱ्या सोयीने) शोधलेला तारा मधोमध आला नाही, तर तो हॅंडसेटच्या बटणांनीच आणा. उंचीच्या आणि बाजूच्या बोल्टना पहाटेपर्यंत हात लावायचा नाही.