जुन्या बातम्यांत नाशिकचं पाणी शोधताय? या चुका टाळा

नाशिकच्या पाण्यावर प्रकल्प करणारे विद्यार्थी जुन्या अंकांची फाइल उघडली की आधी दोन याद्या करतात: पुराची वर्षं आणि दुष्काळाची वर्षं. गल्लत इथूनच सुरू होते. २०१६ च्या एप्रिलमध्ये रामकुंड कोरडं पडलं होतं, आणि २ ऑगस्टला त्याच गोदाघाटावर महापूर होता. हे साल कुठल्या यादीत घालणार? वर्षावर थांबू नका, महिना आणि तारीख टिपा.

सगळ्यात जास्त घोटाळा आकड्यांत होतो. टीएमसी (अब्ज घनफूट) आणि दलघफू (दशलक्ष घनफूट) ही साठ्याची मापं. १ टीएमसी म्हणजे १,००० दलघफू. क्युसेक म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतं ते. ११,५७४ क्युसेकने अखंड २४ तास पाणी सुटलं, तर कुठे १ टीएमसी होतं. म्हणून 'गंगापूर धरणातून दहा हजार क्युसेक सोडले' एवढ्यावर हिशेब मांडू नका. विसर्ग किती तास चालला, ते पुढच्या अंकांत शोधा.

एकाच दिवशी गंगापूर धरण, शहरातला गोदावरीवरचा होळकर पूल आणि त्याही खालचा नांदूरमध्यमेश्वर बंधारा यांचे तीन वेगळे आकडे दिसले, की वार्ताहर चुकला असं अनेकांना वाटतं. बहुतेकदा तो चुकलेला नसतो. धरणाच्या खाली पडलेल्या पावसाचं पाणी पुलापर्यंत भर घालतं, आणि नांदूरमध्यमेश्वरला दारणा, कादवा या नद्यांचंही पाणी येऊन मिळतं. सराफ बाजारात पाणी का शिरलं, हे होळकर पुलाचा आकडा सांगेल; नाशिकमधून मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाला किती पाणी जातं या वादासाठी नांदूरमध्यमेश्वरचा बघावा लागतो.

टक्केवारीही फसवते. गंगापूरची मूळ क्षमता ७,२०० दलघफू होती, गाळामुळे ती ५,६३० वर आली. तेव्हाचे ५० टक्के म्हणजे ३,६०० दलघफू, आताचे २,८१५. तुलना दलघफूमध्येच करा. फार जुन्या अंकांत पाऊस इंचांत असतो: १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर.

नावं तपासा. व्हिक्टोरिया पूल म्हणजे आजचा होळकर पूल. 'गंगेला पूर' ही बातमी बहुधा गोदावरीचीच. 'गंगापुरात टंचाई' मात्र मराठवाड्यातल्या गंगापूर तालुक्याची असू शकते.

आणि कृपा करून पहिल्या पानावर थांबू नका. पाणी आतल्या पानांत जास्त सापडतं. नमुना नंबर ७ वर पाणी अर्ज मागवणारी पाटबंधारे खात्याची जाहीर सूचना बघा: कालव्याला आवर्तन (पाण्याची पाळी) कधी मिळणार, कोणत्या पिकाला पाणी मिळणार, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. लासलगावच्या कांद्याच्या आवकेत, साथीच्या बातम्यांत, कोर्टाच्या वृत्तांतही पाण्याची माहिती असते. २०१५ च्या कुंभात शाही स्नानासाठी धरणातून पाणी सोडण्याचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला होता. नुसतं 'पूर' आणि 'टंचाई' शोधणाऱ्याच्या हाती तो लागणारच नाही.

'दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी', 'नारोशंकराच्या घंटेला पाणी' (पहिली गोदाघाटावरची मूर्ती, दुसरी काठच्या मंदिरातली घंटा) ही वाक्यं अलंकारिक समजून गाळू नका. आकडा छापलेला नसेल, तिथे पाण्याची उंची सांगणारी हीच खूण असते. अलीकडच्या पुरात पाणी त्याच खुणेला लागलं तेव्हा होळकर पुलाखाली किती क्युसेक होतं, ते शेजारी लिहून ठेवा. मात्र पात्र आणि घाट बदलत आलेत, तेव्हा हा अंदाजच धरा. सकाळचं वर्तमानपत्र आदल्या दिवसाचं सांगतं, हेही ध्यानात असू द्या: १० सप्टेंबर १९६९ चा महापूर ११ तारखेच्या आणि त्यापुढच्या अंकांत शोधा.