अर्धवट राहिलेली सामूहिक ध्वनिरचना पुन्हा उघडताना या चुका टाळा

आमच्या बाबतीत निमित्त घराच्या रंगकामाचे झाले. दादरच्या घरातल्या माळ्यावरून उतरवलेल्या खोक्यात एक हार्ड डिस्क, सहा कॅसेट आणि चौघांच्या हस्ताक्षरातली एक वही सापडली. २०११ ते २०१३ या काळात एक गायिका, एक पखवाजवादक, संगणकावर ध्वनीची घडण करणारा एक मित्र आणि रेकॉर्डर घेऊन हिंडणारा मी, अशा चौघांनी हार्बर मार्गावरच्या लोकलच्या आवाजाभोवती एक दीर्घ रचना उभी करायला घेतली होती. कोणाचे भांडण झाले नाही; नोकऱ्या, बदल्या आणि घरची आजारपणे यांत ती थांबली. ती पुन्हा उघडताना आमच्या हातून ज्या चुका झाल्या, किंवा होता होता राहिल्या, त्या इथे मांडतो आहे. बहुतेक चुका तांत्रिक दिसतात, पण त्यांच्या मुळाशी एकच घाई असते: जे होते ते नीट ऐकून घेण्याआधीच ते सुधारायला बसण्याची.

मूळ प्रतीवरच काम सुरू करणे

जुनी डिस्क जोडल्याबरोबर त्यातले सेशन, म्हणजे सगळे ट्रॅक आणि त्यांची मांडणी ठेवणारी संगीत-सॉफ्टवेअरची फाइल, उघडू नये. आधी संपूर्ण डिस्कच्या दोन प्रती करून घ्याव्यात आणि मूळ डिस्क बाजूला ठेवावी, कारण नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून जतन केलेले सेशन अनेकदा जुन्या आवृत्तीत पुन्हा उघडत नाही. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर ती ताबडतोब बंद करावी; पुन्हा पुन्हा जोडून पाहण्याच्या नादात वाचण्यासारखे असलेलेही जाते. जुन्या जोडणीचे अडॅप्टर मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात अजूनही मिळतात.

कॅसेटच्या बाबतीत मुंबईचा पावसाळा हा खरा शत्रू आहे. काचेतून टेपच्या कडेवर पांढुरकी भुकटी दिसली तर ती बुरशी असते, आणि अशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये घातली की बुरशी हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, बसून पुढच्या कॅसेटलाही लागते. अशा कॅसेट वेगळ्या, कोरड्या जागी ठेवून जाणकाराकडून साफ करून घ्याव्यात. चांगली दिसणारी कॅसेट लावण्याआधीही तिच्या मागच्या कडेवरची प्लास्टिकची जीभ मोडलेली आहे ना, हे पाहावे. ती शाबूत असेल तर चुकून दाबलेले रेकॉर्डचे बटण मूळ ध्वनी पुसून टाकू शकते.

सेशन उघडले नाही, म्हणून काम गेले असे समजणे

ॲपलच्या २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनापासून ३२ बिटचे, म्हणजे जुन्या घडणीचे, प्रोग्रॅम आणि प्लगइन (ध्वनीवर प्रक्रिया करणारे जोड-प्रोग्रॅम) चालत नाहीत. त्यामुळे त्याआधीचे सेशन उघडले की निम्मे ट्रॅक मुके झालेले दिसतात, आणि माणूस हबकतो. मात्र फोल्डरच्या आत गेले तर मूळ वेव्ह फाइल, म्हणजे मुद्रित ध्वनीच्या साध्या फाइल, बहुधा जशाच्या तशा असतात. हरवते ती त्यांच्यावरची प्रक्रिया. अशा वेळी त्या काळात एकमेकांना पाठवलेला कच्चा मिक्स, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र करून काढलेली फाइल, शोधावा. तो एमपीथ्री असला तरी कोणता ध्वनी कुठे येतो, किती मोठा असतो आणि कुठे विरतो, याचा तोच एकमेव पुरावा असतो.

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर (तारांच्या जोडण्या बदलून विजेवर ध्वनी घडवणारे यंत्र) बसवून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा केला. तिथे झालेले काम अनेक दशकांनी ऐकायला मिळाले ते टेपवर उतरवून ठेवलेले होते म्हणून. सिंथेसायझरच्या जोडण्या टिकत नाहीत, ध्वनी टिकतो. म्हणून हाती लागेल तो प्रत्येक ट्रॅक रचनेच्या पहिल्या क्षणापासून सुरू होणाऱ्या साध्या वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवावा.

सॅम्पल रेट न तपासणे

सॅम्पल रेट म्हणजे ध्वनीचे सेकंदाला किती नमुने घेतले तो आकडा; आमची सर्वांत मोठी फसगत इथे झाली. गायिकेचा आलाप ४४.१ किलोहर्ट्झवर मुद्रित केलेला होता आणि नवे सेशन मी ४८ वर उघडले. फाइलचे रूपांतर न होता ती तशीच वाजली, तर दहा मिनिटांचा आलाप नऊ मिनिटे अकरा सेकंदांत संपतो आणि सूर हार्मोनियमच्या जवळजवळ दीड पट्टीने (काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या ओळीने मोजल्या तर) चढतो. काळी चारमध्ये, म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून, गायलेला षड्ज पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मधोमध, कोणत्याच पट्टीत न बसणाऱ्या जागी जाऊन बसला. तानपुरा त्याच फाइलमध्ये असल्यामुळे तोही सोबत चढला आणि आलाप बेसूर वाटला नाही; फक्त आवाज थोडा कोवळा आणि उतावीळ झाला. दोन आठवडे मी तो तसाच ऐकत होतो आणि ‘तेव्हा ती किती वेगळी गायची’ असे म्हणत होतो. वहीत तिने स्वतः लिहिलेले ‘काळी चार, तानपुरा पंचमात’ हे शब्द वाचले आणि हार्मोनियम काढून बसलो, तेव्हा चूक लक्षात आली. म्हणून प्रत्येक फाइलचा सॅम्पल रेट आधी लिहून काढावा आणि सूर एखाद्या पक्क्या वाद्याशी ताडून पाहावा.

गेलेला आवाज पुन्हा मुद्रित करता येईल, असे गृहीत धरणे

लोकलच्या आमच्या एका मुद्रणात मध्येच माणसे बोलत होती. तो तुकडा टाकून कुर्ल्याला जाऊन नवा मुद्रित करू, असे मित्राने सुचवले. परंतु आम्ही मुद्रित केली होती ती १५०० व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर, धावणारी गाडी होती. मुंबईतली उपनगरी वाहतूक टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्ट एसीवर, म्हणजे दिशा बदलत वाहणाऱ्या विजेवर, गेली आणि २०१६ मध्ये हार्बर मार्गावरची शेवटची डीसी लोकलही बंद झाली. त्या जुन्या मोटारींचा सुटताना चढत जाणारा घोगरा स्वर, ज्याच्यावर आमच्या गायिकेने आपला षड्ज बेतला होता, आता कोणत्याही फलाटावर मिळणार नाही. काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी आणि बेस्टच्या डिझेलवरच्या डबलडेकर या दोन्ही २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, तेव्हा त्यांच्या मुद्रणांनाही हेच लागू आहे. गोंगाट काढणारे प्लगइन मूळ फाइलवर कधीही चालवू नये. ज्या माणसांच्या बोलण्याची आम्हाला अडचण वाटत होती, ते बोलणे आम्ही शेवटी राखले, आणि आता तोच भाग मला सर्वांत जिवंत वाटतो.

आजच्या गळ्याला जुन्या पट्टीत ओढणे

गायिका आता पांढरी पाचमध्ये गाते. नवा आलाप जुन्यावर चढवण्यासाठी आम्ही संगणकाने तिचा सूर एका पट्टीने वर नेऊन पाहिला. सूर जुळला, पण गळ्यातला दाणा गेला. दोन आलाप एकमेकांवर न ठेवता एकामागून एक ठेवल्यावर, आणि मधला षड्ज बदलण्याचा क्षण झाकण्याऐवजी ऐकू येऊ दिल्यावर, रचनेला तेव्हा नसलेला असा एक सांधा मिळाला.

सहकाऱ्यांना थेट तयार मिक्स पाठवणे

मी पखवाजवादकाला आधी फोन न करता मिक्स पाठवला, ही माझी चूक होती. तो नाशिकला असतो आणि हल्ली वाजवत नाही. स्वतःचे वादन तुकडे करून, फिरवून वापरलेले त्याने अचानक ऐकले आणि चार दिवस उत्तर दिले नाही. आधी कच्चे मुद्रण एकत्र बसून ऐकायला हवे होते. नंतर आम्ही तसे केले, तेव्हा त्यानेच मी गाळलेली एक परण, म्हणजे पखवाजाच्या बोलांची बांधीव रचना, दाखवून दिली.

हक्कांचाही प्रश्न त्याच बैठकीत काढावा. ज्या कृतीत एकाचा वाटा दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही, ती १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संयुक्त कर्तृत्वाची कृती ठरते, आणि वादक-गायकांना आपल्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क असतात. हक्क कोणाच्या नावे करायचे असतील तर ते लेखी आणि सहीनिशी करावे लागतात. कागदावर मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची मानली जाते. रचना पुरी करायची, की अपुरीच ठेवून फक्त जपायची, हेही चौघांनी मिळून ठरवून त्या कागदावर लिहावे, आणि त्याची एक प्रत सगळ्या वेव्ह फाइलींसह प्रत्येकाच्या घरी ठेवावी.