पहिल्या वर्षाचं सामान: स्टेथो, बीपीचं यंत्र आणि बाकीचं कसं निवडावं

एमबीबीएस, बीएस्सी नर्सिंग किंवा फिजिओथेरपीचा प्रवेश पक्का झाला की सर्जिकलच्या दुकानात 'फर्स्ट इयर किट' नावाची बॅग पुढे केली जाते. त्यात स्टेथो, बीपीचं यंत्र, टॉर्च, गुडघ्यावर ठोकून बघायचा हॅमर, ट्यूनिंग फोर्क (ठोकला की कंप पावणारा धातूचा चिमटा) असं सगळं एकत्र आणि सवलतीत मिळतं. ही बॅग घेऊ नका. प्रत्येक वस्तू वेगळी बघून घ्या, आणि त्यातला निम्मा वेळ एकट्या बीपीच्या यंत्राला द्या. टॉर्च खराब निघाला तर तो लागत नाही आणि लगेच कळतं. बीपीचं यंत्र खराब निघालं तरी आकडा दाखवतच राहतं, आणि नवशिक्या त्या आकड्यावर विश्वास ठेवतो.

कॉलेजची यादी हातात येईपर्यंत एप्रनशिवाय काही विकत घेऊ नका. एप्रन सुती, पूर्ण बाह्यांचे, दोन घ्या. एक फक्त डिसेक्शन हॉलसाठी, म्हणजे शवविच्छेदनाच्या खोलीसाठी ठेवा आणि तो घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नका. हातमोजे नायट्राइलचे घ्या, कारण लॅटेक्समधून फॉर्मॅलिन (मृतदेह टिकवायचं रसायन) लवकर आत येतं. डिसेक्शनचा संच टेबलावरच्या चौघापाचांत एक पुरतो. त्यात 4 नंबरच्या हँडलला 22चं ब्लेड त्वचेसाठी आणि 3 नंबरच्या हँडलला 15चं ब्लेड बारीक कामासाठी लागतं. ब्लेड चढवताना आणि काढताना आर्टरी फोर्सेप्स (कात्रीसारखा चिमटा) वापरा, बोटं नाही. हाडांचा संच सीनियरकडून घ्या, पण एकेक हाड मोजून घ्या. मनगटाची छोटी हाडं हमखास हरवलेली असतात.

हॅमर लांब दांड्याचा घ्या. तो स्वतःच्या वजनानं पडतो, हातानं जोर लावावा लागत नाही. ट्यूनिंग फोर्क दोन लागतात. कंपनाची जाणीव तपासायला 128 हर्ट्झचा आणि कानासाठी 512चा. टॉर्च पिवळट किंवा निळसर उजेडाचा नको, त्यात डोळ्यांतली कावीळ नीट कळत नाही. सेकंदकाटा असलेलं साधं घड्याळ सगळ्यांनाच हवं. फिजिओच्या मुलांनी लांब हातांचा गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन) आणि न ताणणारी टेप यादीत घालावी.

लॅपटॉप पहिल्या वर्षी नसला तरी अडत नाही. घ्यायचाच तर दहा-अकरा इंची टॅब घ्या, 128 जीबीचा, पेन चालणारा, आणि लिहिताना तळहात टेकला तरी रेघोट्या न उमटणारा. ॲनाटॉमीच्या आकृत्या मोठ्या करून बघायला तो उत्तम. मात्र सगळ्या नोट्स टॅबवर काढू नका. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा पेपर तीन तास हातानं लिहायचा असतो आणि तिथे आकृत्याही पेन्सिलीनंच काढाव्या लागतात. हाताची ती सवय मोडली तर वेळ पुरत नाही.

स्टेथो

दोन्ही बाजू असलेला घ्या, एकीकडे डायफ्राम (पडद्याची सपाट बाजू) आणि दुसरीकडे बेल (वाटीसारखी पोकळ बाजू). नळी जाड आणि एकच हवी. दोन बारीक नळ्या शेजारी शेजारी असलेल्या स्टेथोत त्या एकमेकींवर घासतात आणि तो आवाज शिकाऊ कानाला रोग्याचा वाटतो. कानातल्या टोकांचा कल घालताना नाकाच्या दिशेला असतो, उलटा घातला की ऐकू कमी येतं. दुकानातच कानात घाला. टोकं दुखत असतील किंवा बाहेरची बडबड जशीच्या तशी ऐकू येत असेल तर मऊ आणि वेगळ्या मापाची टोकं लावून बघा. लिटमन या ब्रँडचा क्लासिक 3 परवडत असेल तर तो पाच वर्षं पुरतो. कार्डिओलॉजी मालिका किंवा इलेक्ट्रॉनिक स्टेथो पहिल्या वर्षी नकोच. लिटमनची नक्कल बाजारात सर्रास मिळते, म्हणून चेस्टपीसवर (छातीला लावायच्या भागावर) कोरलेला अनुक्रमांक कंपनीकडे तपासून घ्या आणि पक्कं बिल मागा. नळी उन्हात किंवा गाडीत ठेवली, घामट मानेभोवती तासन्‌तास राहिली की कडक होते आणि चिरते.

बीपीचं यंत्र

पाऱ्याचं विकत घेऊ नका. पाऱ्याचा वापर आवरण्यासाठीच्या 2013च्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारात पाऱ्याची बीपी यंत्रं बंद करायच्या यादीत आहेत, आणि हॉस्टेलच्या खोलीत पारा सांडला तर तो गोळा करणं सोपं नाही. कॉलेजमधलं पाऱ्याचं यंत्र पडताळणीला उपयोगी पडतं, ते पुढे येईलच. बटण दाबून आकडा देणारं डिजिटल यंत्र आजीआजोबांसाठी घरी ठेवा. ते कोरोत्कोव्हचे आवाज (दाब उतरवताना स्टेथोतून ऐकू येणारे ठोके, ज्यांवरून बीपी ठरतं) ऐकवत नाही, आणि ज्याची नाडी अनियमित आहे त्याच्यावर त्याचा भरवसा धरता येत नाही. तुम्हाला हवं ते काट्याचं, म्हणजे ॲनेरॉइड.

त्यातही दोन प्रकार आहेत. एकात बल्ब (हवा भरायचा रबरी फुगा) आणि डायल एकत्र हातात धरायचे असतात, दुसऱ्यात डायल वेगळी आणि नळ्या दोन. नवशिक्यानं दोन नळ्यांचं घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. गळती नेमकी कुठे आहे ते त्यात शोधता येतं, आणि बल्ब, व्हॉल्व्ह (हवा सोडायचा स्क्रू), ब्लॅडर (हवा भरते ती रबरी पिशवी) सुटे बदलता येतात.

आता कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. कफवर 'ॲडल्ट' लिहिलेलं आहे एवढं पुरेसं नाही. महत्त्वाचं आहे ते कापडाच्या आतलं रबरी ब्लॅडर. ब्लॅडरची रुंदी दंडाच्या घेराच्या 40 टक्के आणि लांबी 80 टक्के हवी. घेर खांद्याचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्ये मोजायचा. दंड 26 सेंटीमीटर असेल तर ब्लॅडर साधारण साडेदहा सेंटीमीटर रुंद आणि एकवीस सेंटीमीटर लांब हवं. दंड 36 असेल तर साडेचौदा आणि एकोणतीस. दुकानात कफ उलगडा, बोटांनी ब्लॅडरच्या कडा चाचपा आणि टेपनं मोजा. बाहेरच्या कापडाची लांबी मोजून फसू नका. दुकानदाराला हे विचित्र वाटलं तरी चालेल.

छोटा कफ मोठ्या दंडावर बांधला की आकडा वर जातो. 2023मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत स्वयंचलित यंत्रावर हे मोजलं होतं. ज्यांना अतिमोठा कफ हवा होता त्यांना साधा बांधला तेव्हा वरचा आकडा सरासरी 19.5 मिमी पाऱ्यानं (बीपी याच एककात मोजतात, पुढचे आकडेही त्यातच) जास्त आला. म्हणजे ज्याचं बीपी ठीक आहे त्याला गोळ्या सुरू होऊ शकतात. म्हणून नेहमीच्या मापाबरोबर त्याच जोडणीचा एक मोठा कफ घ्या. जोडणी जुळते का ते तिथेच लावून बघा, कंपनीगणिक ती वेगळी असते.

कफ ठरला की गळती तपासा. त्यासाठी स्टीलची पाण्याची बाटली सोबत न्या. प्लॅस्टिकची बाटली दाबानं आत चेपते, काटा खाली येतो आणि चांगलं यंत्र उगाच गळकं ठरतं. बाटलीवर कफ घट्ट गुंडाळा, 200पर्यंत हवा भरा, व्हॉल्व्ह बंद करा आणि एक मिनिट थांबा. भरलेली हवा थोडी गरम असते, ती निवताना काटा जरा खाली येतोच, तो दोष धरू नका. त्यानंतरच्या एका मिनिटात काटा 4पेक्षा जास्त उतरला तर यंत्र गळतंय. बल्बकडची नळी कफाजवळ चिमटीत दाबा. काटा थांबला तर दोष व्हॉल्व्ह किंवा बल्बमध्ये. उतरतच राहिला तर ती तशीच दाबून डायलकडची नळीही कफाजवळ दाबा. आता थांबला तर कफ फुटका, तरीही उतरला तर डायल किंवा तिची नळी. नव्या यंत्रात यातलं काहीही निघालं तर दुरुस्त करून देतो म्हटलं तरी घेऊ नका, दुसरं मागा.

मग व्हॉल्व्ह. बीपी घेताना दाब सेकंदाला 2 ते 3 या वेगानं उतरवायचा असतो. 180पासून 60पर्यंत यायला 40 ते 60 सेकंद लागले पाहिजेत, आणि तेवढ्या सावकाश स्क्रू फिरवता आला पाहिजे. खराब व्हॉल्व्ह आधी अडकतो आणि मग एकदम दहा-पंधरानं खाली आणतो. पहिला आवाज नेमका त्या उडीत निघून जातो, मग वरचा आकडा कमी लिहिला जातो आणि मुलं आपल्या कानाला दोष देत बसतात. अंगठा आणि एका बोटानं हे जमत नसेल तर तो व्हॉल्व्ह परत करा.

काटा रिकाम्या कफाला शून्याच्या चौकटीत हवा. पण शून्यावर आडवी खिळी बसवलेली डायल घेऊ नका. काटा शून्याखाली घसरला असला तरी ती खिळी त्याला अडवते आणि बिघाड दिसतच नाही.

शेवटची पडताळणी कॉलेजमध्ये, पहिल्याच आठवड्यात. फिजिओलॉजीच्या प्रयोगशाळेत पाऱ्याचं यंत्र असेल तर परवानगी घेऊन वाय आकाराची जोडणी वापरा. आपल्या डायलची नळी कफापासून सोडवा, तिथे वाय लावा, आणि त्याच्या दोन फांद्यांना आपली डायल आणि पाऱ्याचा स्तंभ जोडा. पारा आधी बरोबर शून्यावर आहे आणि काच स्वच्छ आहे हे बघा, नाहीतर पडताळणीच चुकेल. कफ बाटलीवर गुंडाळून 200पर्यंत न्या आणि उतरताना 180, 150, 120, 90, 60 या ठिकाणी थांबून दोन्हीकडचे आकडे लिहा. एकानं स्तंभ वाचावा आणि दुसऱ्यानं डायल, एकमेकांचा आकडा न ऐकता. फरक 3पर्यंत चालतो. कुठेही त्याहून जास्त आला तर वॉरंटीत बदलून घ्या, 'दरवेळी पाच वजा करू' असा हिशेब करू नका. फरक प्रत्येक दाबाला सारखा नसतो.

हीच पडताळणी दर सहा महिन्यांनी करा, आणि यंत्र हातातून पडलं तर त्याच दिवशी. आकड्यांचा कागद तारीख घालून बिलासकट यंत्राच्या पाऊचमध्येच ठेवा.