गाडी सुरू करताना इंजिन टिकटिकतंय? आधी आवाजाची वेळ धरा

सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून टिकटिक ऐकू येते, आणि म्हापशाच्या नाहीतर फोंड्याच्या गॅरेजात पोचेपर्यंत ती गायब झालेली असते. मेकॅनिक कान लावून ऐकतो, त्याला काहीच सापडत नाही. यात त्याचा दोष नाही. इंजिन तापलं की धातू थोडा फुगतो, फटी मिटतात, ऑइल वरपर्यंत चढलेलं असतं, आणि आवाज करणारी जागाच गप्प होते. म्हणून ही तपासणी घरीच, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर करायला हवी. आवाज कसा आहे हे प्रत्येकजण वेगळं सांगेल. तो नेमका कधी सुरू होतो आणि कधी थांबतो, यावरून मात्र दोष बराचसा उमगतो.

तयारी

गाडी सपाट आणि उघड्या जागेवर हवी. पाऊस आहे म्हणून दार लावलेल्या गॅरेजात इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा. घरातल्या कुणाला तरी आत बसवा आणि तुम्ही बॉनेट उघडून मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा. ओढणी, सैल बाही, लोंबणारी साखळी इंजिनाजवळ नको. रेडिएटरचा पंखा मध्येच आपोआप फिरायला लागतो.

सेल्फ मारण्याआधी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढा, फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. बऱ्याच गाड्यांत या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे साधारण एक लिटर. ऑइल खालच्या खुणेच्या खाली असेल, तर बाकी तपासणी थांबवा आणि गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं ऑइल आधी भरा. टिकटिक कित्येकदा एवढ्यावरच थांबते.

इंजिन पकडण्याआधीच टक-टक-टक

चावी फिरवल्यावर इंजिन फिरतच नाही, नुसती भराभर टकटक होते आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावतात, तेव्हा दोष इंजिनात नसतो. बॅटरीत जोर उरलेला नसतो. स्टार्टरचा सोलेनॉइड (विजेच्या चुंबकावर चालणारा स्विच) ओढला जातो, व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, पुन्हा ओढला जातो. तोच तो आवाज.

गोव्यात हे फार दिसतं, आणि त्याला कारणं आहेत. घरचा माणूस जहाजावर किंवा आखातात असतो आणि गाडी महिनोन्‌महिने शेडमध्ये उभी राहते. कुणी रोज चोडणच्या फेरीबोटीच्या रांगेत गाडी दोन हात पुढे घेण्यासाठी पुन्हा पुन्हा सेल्फ मारतो. खर्च झालेला चार्ज भरून निघण्याइतकी गाडी नंतर धावतच नाही. मल्टिमीटर असेल तर लावून बघा. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी उभ्या गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२ च्या खाली गेली तर ती रिकामी समजा. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. तेवढे नसतील तर नवी बॅटरी घेण्याआधी अल्टरनेटर, म्हणजे चालत्या इंजिनावर बॅटरी चार्ज करणारा भाग, तपासून घ्या.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर आधी वजा बाजूची वायर सोडवा, मग अधिकची. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं पुसा. जोडताना वजा बाजू शेवटी. दिवे लख्ख आहेत आणि एकच ठसठशीत ‘टक’ होऊन सगळं शांत होतं, तर स्टार्टर किंवा त्याची जोडणी बघावी लागेल.

सुरू झाल्यावर दोन-चार सेकंद

रात्रभरात ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं. ज्या इंजिनांत ऑइलच्या दाबावर चालणारे टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) आहेत, तिथे दाब येईपर्यंत थोडी टिकटिक होणारच. दोन-चार सेकंदांत थांबली तर काळजी नको. जास्त वेळ चालते तेव्हा बरेचजण ‘थंडीमुळे असेल’ म्हणून सोडून देतात. हे मला पटत नाही. गोव्याच्या किनारपट्टीवर जानेवारीतही पहाटे पारा २० अंशांच्या आसपास असतो; चांगलं ऑइल तेवढ्यात घट्ट होत नाही. ऑइल जुनं आहे, ग्रेड चुकली आहे, किंवा स्वस्तातला फिल्टर रात्रभर ऑइल आत धरून ठेवत नाही, यांपैकी काय आहे ते तपासा. साखळी खुळखुळल्यासारखा आवाज येत असेल तर टायमिंग चेनचा टेन्शनर (इंजिनातली ही साखळी ताणून धरणारा भाग) दाखवा, आणि त्याला उशीर नको.

तापेपर्यंत येतो, मग कमी होतो

इथे संशय एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर घ्या, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडातल्या पट्टीवर. फटीतून धूर झटक्याझटक्याने निसटतो, म्हणून ‘टिक’ ऐकू येते. लोखंड तापून फुगलं की फट मिटते. खाऱ्या हवेत या भागाचे बोल्ट गंजतात, त्यामुळे समुद्राजवळच्या गाड्यांत हे आधी बघावं. जोडाजवळ काळी काजळी दिसली की समजा. मात्र हात लावायचा तो इंजिन थंड असतानाच.

सतत येणारा आवाज

अ‍ॅक्सिलरेटर हळूच दाबा. टिकटिक आरपीएमबरोबर (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांबरोबर) भरभर झाली तर ती इंजिनाच्या फिरण्याशी जोडलेली आहे. व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांत एकदा उघडतो, म्हणजे ८०० आरपीएमला एक ढिला टॅपेट मिनिटाला ४०० वेळा, सेकंदाला सहा-सात वेळा वाजतो. इंधन फवारणारे इंजेक्टरही याच गतीने टिकटिकतात, पण त्यांचा आवाज बारीक आणि एकसारखा असतो. तो दोष नव्हे. फरक ओळखायला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक एकेका जागी टेकवा, मूठ कानाजवळच्या हाडाला लावा. पंखा आणि पट्ट्यापासून दूर. बाकीच्यांपेक्षा एक जागा वेगळी वाजली तर ती लक्षात ठेवा. टॅपेट सेटिंग मात्र मेकॅनिकने फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावूनच करावं.

पंख्यात अडकलेलं आंब्याचं वाळकं पानही टिकटिकतं, तेही एकदा बघून घ्या.

कधी लगेच बंद करायचं

इंजिन सुरू होऊनही ऑइलचा लाल दिवा विझला नाही, किंवा टिकटिकीऐवजी खालून जड ‘ठक-ठक’ येऊन वेग वाढवताच ती वाढली, तर इंजिन त्याच क्षणी बंद करा. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलेलं असू शकतं. ‘गॅरेज जवळच आहे’ म्हणून चालवत नेऊ नका, टोइंग बोलवा.

इतर वेळी मेकॅनिकला रेकॉर्डिंग ऐकवा, आवाज कुठल्या सेकंदाला थांबला ते सांगा, आणि गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजात ठेवा. सकाळचा पहिला सेल्फ त्यालाच मारू दे.