सरकारी योजनेमुळे घरात काय बदललं ते कसं तपासायचं? लाडकी बहीणचं उदाहरण घेऊन

समाजशास्त्राचा प्रोजेक्ट असो, एमएसडब्ल्यूचं (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचं) फिल्डवर्क असो, बहुतेक जण दोनच प्रश्न घेऊन गावात जातात, पैसे मिळाले का आणि कशावर खर्च केले. उत्तरं येतात किराणा, औषध, मुलांची फी, आणि रिपोर्ट तयार. पण त्या घरातल्या माणसांचं आपसातलं नातं हललं का हे त्यातून अजिबात कळत नाही, आणि आपल्याला तर तेच शोधायचंय.

सगळ्यात आधी योजनेचा जीआर, म्हणजे शासन निर्णय वाचा, बातमी नाही, जीआर. त्यात "कुटुंब" कशाला म्हटलंय ते शोधून अधोरेखित करा. महाराष्ट्र सरकारची लाडकी बहीण योजना २०२४ मधे आली, महिना १५०० रुपये, वय २१ ते ६५, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची लग्न न झालेली मुलं. म्हणजे सासू, विधवा नणंद, शिकायला ठेवलेला भाचा सगळे एका चुलीवर जेवत असले तरी कागदावर ते एक कुटुंब नाहीत. उलट रेशनकार्डावर बघा, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली १८ वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई कुटुंबप्रमुख धरली. एकच घर, पण दोन योजनांना ते दोन वेगळ्या प्रकारे दिसतं. हा फरक वहीत लिहून ठेवा, पुढे खूप कामाला येतो.

मग या व्याख्येत कोण बसत नाही ते शोधा, आणि इथे घाई करू नका कारण खरं समाजशास्त्र इथेच आहे. योजनेत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार आणि घरातली एक अविवाहित मुलगी असे गट आहेत. आता परित्यक्ता बघा, नवऱ्याने टाकलंय पण घटस्फोट झालेला नाही, नाव अजून सासरच्या कार्डावर, राहते माहेरी भावाकडे, तर तिने हे सिद्ध कशाने करायचं? संगमनेरला वकील आणि कार्यकर्त्या निशा शिवूरकर आणि समता आंदोलन या संघटनेने या बायकांचा प्रश्न कित्येक वर्षं लावून धरला तो यासाठीच, की लग्न मोडलेलं असतं पण कागदावर दिसत नाही. २०२५ मधे ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पडताळणी आली तेव्हा नवऱ्याचं नाहीतर वडलांचं आधार पण मागितलं गेलं. पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यात, पण ओळख मात्र पुरुषामार्फत. आणि अविवाहित मुलगी एकच का, दोन बहिणी घरात असतील तर कोणाचा फॉर्म भरायचा हे कोणी ठरवलं, हे नक्की विचारा.

आता घराच्या आत. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी घराबद्दल एक गोष्ट नीट मांडलीय की तिथे सहकार्य आणि संघर्ष दोन्ही एकाच वेळी चालू असतात. म्हणून "कुटुंबाला फायदा झाला" हे वाक्य लिहायच्या आधी थांबा, कुटुंबातल्या कुणाला ते लिहा. प्रश्न साधे ठेवा. बँकेचा मेसेज कोणाच्या मोबाईलवर येतो, एटीएम कार्ड कोणाकडे असतं, पैसे काढायला कोण जातं. आणि सगळ्यात महत्त्वाचा, हा खर्च आधी कोण करायचं? कारण हप्ता सुरू झाल्यावर नवरा घरखर्चाला द्यायचे पैसे कमी करू शकतो, मग १५०० आले आणि तेवढेच गेले. हे सासू नाहीतर नवरा शेजारी बसलेला असताना विचारू नका, बाई खरं बोलणार नाही आणि बोलली तर तिलाच त्रास. बचत गटाच्या मीटिंगनंतर किंवा शेतात एकट्याने गाठा, तिची परवानगी घेऊन.

थिअरी यानंतर लावा, आधी नाही. समजा एखादी ताई म्हणाली की पैसे मुलाच्या ट्यूशनला जातात. समाजाचा प्रत्येक भाग काहीतरी काम करतो असं मानणाऱ्या समाजशास्त्रज्ञ पारसन्सच्या वाटेने जाणारा म्हणेल की योजनेने कुटुंबाला त्याचं काम करायला हातभार लावला. स्त्रीवादी विचारेल की बापाची जबाबदारी आता आईच्या खात्यावर आली का. मार्क्सवादी म्हणेल की घरच्या मजुरीत शिक्षण भागत नाही म्हणून सरकार फट बुजवतंय. सरकारी मदतीवर टीका करणारा अमेरिकन लेखक चार्ल्स मरे अमेरिकेबद्दल लिहिताना म्हणायचा की मदतीने लोकं कुटुंबाची जबाबदारी टाळतात. माझं स्पष्ट मत, हा शेवटचा आरोप आपल्याकडच्या १५०० रुपयांना लावताना फार जपून, एवढ्यात कोणी काम सोडून बसेल हे मला पटत नाही. पण चारही नजरा एकाच उत्तरावर लावून बघा, स्वतःची आवडती आधी निवडू नका.

एक गोष्ट बहुतेक सुटते, ती म्हणजे वेळ. कागद गोळा करायला सेतू केंद्रात (सरकारी दाखले मिळतात तिथे) कोण उभं राहिलं, त्या दिवसाची मजुरी कोणाची बुडाली, तेव्हा लहान लेकराला कोणी सांभाळलं. अंगणवाडी सेविकांनी हे फॉर्म एका फॉर्ममागे ५० रुपयांवर भरून दिले, त्यांच्या घरात त्या महिन्यात काय झालं हे पण विचारा, त्याही कुटुंबवाल्याच आहेत ना. आणि त्याच घरी सहा-आठ महिन्यांनी परत जा, हप्ता एखाद वेळी लांबला तर घरात कोण कोणाला काय बोललं हे तेव्हाच ऐकायला मिळतं.