म्यानमारमधल्या निवडणुकीसाठी निवेदन लिहिताय? या चुका टाळा

दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात. पुस्तकांच्या दुकानांच्या गर्दीत आमचंही एक टेबल असतं, सह्यांचं. म्यानमारमध्ये मुक्त आणि निःपक्ष निवडणुका व्हाव्यात, असं तिथल्या राज्यकर्त्यांना बजावणाऱ्या निवेदनावर आम्ही सह्या घेतो. दर तासाला कोणीतरी थांबून विचारतं, "ब्रह्मदेशाचं आपल्याला काय करायचं जी?" मी त्यांना सांगते, 14 ऑक्टोबर 1956 ला याच जागी बाबासाहेबांना ज्यांनी दीक्षा दिली, ते चंद्रमणी महास्थविर मूळचे ब्रह्मदेशातल्या, म्हणजे आजच्या म्यानमारमधल्या, अक्याबचे. त्याच गावाला आज सितवे म्हणतात. त्याआधी, 1954 च्या डिसेंबरात, बाबासाहेब स्वतः रंगूनच्या बौद्ध परिषदेला गेले होते. एवढं ऐकलं की बहुतेक लोक पेन मागतात.

पण सह्या जमल्या म्हणजे निवेदन चांगलं झालं असं नाही. 2021 मध्ये म्यानमारच्या लष्कराने सत्ता हाती घेतली, तेव्हापासून आम्ही हे काम करतोय आणि काही चुका आमच्या हातून झाल्या, काही इतरांच्या निवेदनांत दिसल्या. दुसऱ्या कुठल्या देशासाठी लिहिणार असाल तरी यातल्या बऱ्याच लागू पडतील.

"निवडणूक घ्या" एवढंच मागणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून हिच्यावर जास्त लिहिते.

2025 च्या पावसाळ्यात तिथल्या निवडणूक आयोगाने 28 डिसेंबरची तारीख जाहीर केली. आमचा मसुदा तेव्हा तयार होता. उत्तर नागपुरातल्या एका विहारात तो वाचायला बसलो होतो. शिकायला आलेले एक म्यानमारचे भंते सोबत होते. मसुद्याची शेवटची ओळ होती, "आपण लवकरात लवकर सार्वत्रिक निवडणुका घ्याव्यात." भंतेंनी कागद खाली ठेवला आणि हिंदीतून म्हणाले, "निवडणूक तर ते घेणारच आहेत. मग तुम्ही त्यांना अभिनंदनाचं पत्र पाठवणार का?"

कोणालाच काही बोलता आलं नाही. आमचं मागणं ते पूर्ण करणार होते आणि तरीही लोकांच्या हाती काही लागणार नव्हतं.

पुढे तेच झालं. 28 डिसेंबर 2025, 11 जानेवारी आणि 25 जानेवारी 2026 अशा तीन टप्प्यांत मतदान झालं. टाउनशिप म्हणजे आपल्या तालुक्यासारखा भाग. अशा 330 टाउनशिपांपैकी साठहून जास्त ठिकाणी मतदान झालंच नाही, कारण तिथे लढाई चालू होती किंवा लष्कराचा ताबा नव्हता. 2020 ची निवडणूक जिंकलेला नॅशनल लीग फॉर डेमोक्रसी हा पक्ष मतपत्रिकेवर नव्हताच. नव्या कायद्याखाली नोंदणी केली नाही म्हणून 2023 च्या मार्चमध्ये तो विसर्जित ठरवला गेला होता. लष्कराच्या पाठिंब्यावरचा पक्ष मोठ्या बहुमताने जिंकला.

म्हणून मागणी अशी लिहा की ती पूर्ण झाली की नाही, हे बाहेरच्या माणसाला तपासता यावं. आमच्या आताच्या निवेदनात या मागण्या आहेत: राजकीय कारणांसाठी तुरुंगात टाकलेल्यांना सोडा. विसर्जित पक्षांची नोंदणी परत द्या. निवडणुकीवर टीका करणाऱ्याला शिक्षा देणारा जुलै 2025 चा कायदा रद्द करा, कारण त्यात नुसत्या टीकेलाही कैद होते आणि निवडणुकीत अडथळा आणताना कोणाचा मृत्यू झाला तर शिक्षा पार मृत्युदंडापर्यंत जाते. मतदारयादी वेळेत आणि सर्वांना बघता येईल अशी प्रसिद्ध करा. स्वतंत्र निरीक्षकांना मतमोजणीच्या टेबलापर्यंत जाऊ द्या. मतदान थांबलेल्या भागांचं काय करणार, ते लेखी सांगा.

"लोकशाहीची पुनर्स्थापना करा" हे वाक्य भाषणात शोभतं. निवेदनात ते घातलं की वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्यावर काहीच करायचं उरत नाही.

एक गोष्ट मात्र या यादीत घालू नका, वेगळी लिहा. 2008 च्या त्यांच्या राज्यघटनेनुसार संसदेच्या 25 टक्के जागा लष्कराने नेमलेल्या सदस्यांच्या असतात आणि महत्त्वाच्या घटनादुरुस्तीला 75 टक्क्यांहून जास्त मतं लागतात. म्हणजे लष्कराला नको असेल तर दुरुस्ती होतच नाही. हा मुळावरचा रोग आहे. पण तो एका निवडणुकीच्या मागणीत कोंबला तर दोन्ही मागण्या अर्धवट राहतात.

"मार्फत मा. जिल्हाधिकारी"

नागपूरकरांना निवेदनाची सवय आहे. हिवाळी अधिवेशनात मोर्चे बघत आपण मोठे झालो. शिष्टमंडळ गेलं, निवेदन दिलं, आवक क्रमांकाचा शिक्का घेतला, फोटो काढला. या सवयीने परदेशी सरकारचं निवेदनही लोक जिल्हाधिकाऱ्यांकडे नेतात. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत परराष्ट्र व्यवहार हा केंद्राचा विषय आहे. जिल्हा प्रशासनाचा इथे काही अधिकार नाही आणि त्यांच्याकडून अपेक्षा करणंही बरोबर नाही.

निवेदन थेट दूतावासाला पाठवा. म्यानमारचा दूतावास दिल्लीत चाणक्यपुरीत आहे, म्हणजे साधं देशांतर्गत टपाल पुरतं. रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, त्यामुळे स्पीड पोस्टनेच पाठवा आणि पोच मागून घ्या. पत्र "महामहिम राजदूत" यांच्या नावे असावं. लष्करी नेत्यांना कुठल्या पदाने संबोधायचं यावर आमच्याकडे एकदा दोन तास वाद झाला होता. राजदूतांना लिहिलं की तो प्रश्न उरत नाही.

चुकीच्या कराराचा हवाला

हे फार होतं. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम 25 खऱ्या आणि ठराविक काळाने होणाऱ्या निवडणुकांबद्दल बोलतं. इंटरनेटवर शोधलं की पहिलं तेच सापडतं, आणि लोक लिहून टाकतात, "आपण स्वीकारलेल्या कलम 25 नुसार". पण म्यानमारने तो करार स्वीकारलेलाच नाही. भारताने 1979 मध्ये स्वीकारला, बेलारूस, झिम्बाब्वे, बांगलादेश यांनीही स्वीकारला आहे. म्यानमारला तो लावला की समोरच्याला तुमचं अख्खं पत्र बाजूला ठेवायला कारण मिळतं.

म्यानमारसाठी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं कलम 21 वापरा. सरकारच्या अधिकाराचा पाया लोकांची इच्छा हाच असेल आणि ती गुप्त मतदानाच्या खऱ्या निवडणुकांतून व्यक्त होईल, असं त्यात आहे. 10 डिसेंबर 1948 ला हा जाहीरनामा मंजूर झाला तेव्हा नुकत्याच स्वतंत्र झालेल्या ब्रह्मदेशाने त्याच्या बाजूने मत दिलं होतं. त्यांचं स्वतःचं मत त्यांना दाखवणं हे कुठल्याही दटावणीपेक्षा जड जातं.

दुसऱ्या देशासाठी लिहिताना आधी एवढं बघाच की त्या देशाने कोणता करार स्वीकारला आहे.

तिथल्या माणसांना धोक्यात घालणं

हे लिहिताना अजून त्रास होतो. पहिल्या वर्षी आमच्या पत्रकावर आम्ही एका म्यानमारच्या विद्यार्थ्याचा फोटो छापला. तो आमच्यासोबत उभा होता, हातात फलक होता, खाली त्याचं नाव आणि गाव. त्याची परवानगी होती. तो म्हणाला होता, "छापा, मला भीती नाही." पत्रक चार व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं. तिसऱ्या दिवशी रात्री त्याच्या आईचा फोन आला. ती काय बोलत होती ते आम्हाला समजत नव्हतं, पण तो ऐकता ऐकता जिन्यातच खाली बसला. घरी कोणीतरी चौकशीला येऊन गेलं होतं.

आम्ही पत्रक काढून टाकलं. पण फॉरवर्ड झालेलं परत घेता येत नाही.

2021 च्या फेब्रुवारीत तिथल्या दंडसंहितेत 505-ए हे कलम घातलं गेलं. भीती पसरवणारं किंवा खोटं वाटेल असं काही बोलल्यास तीन वर्षांपर्यंत कैद. हे नागपुरात राहणाऱ्या मुलाला लागत नसेल, पण त्याचे आईवडील तिकडेच आहेत. म्हणून त्या माणसाने "हो" म्हटलं तरी छापू नका. नाव नाही, चेहरा नाही, टाउनशिपचं नाव नाही. "एका छोट्या गावातली शिक्षिका" असंही लिहू नका, कारण छोट्या गावात शिक्षिका एकच असू शकते. सह्यांच्या यादीत फक्त भारतीय नागरिक ठेवा. ज्यांना तिकडून बोलायचं आहे त्यांचं म्हणणं तुम्ही तुमच्या शब्दांत मांडा.

चौकोन चौकोन दिसणारा बर्मी मजकूर

बर्मी भाषेत एक प्रत जोडली की पत्राचं वजन वाढतं, पण भाषांतर यंत्रावर सोडू नका. आणि फाँट बघा. तिकडे अनेक वर्षं झॉजी नावाची पद्धत चालायची, 2019 च्या ऑक्टोबरपासून अधिकृतपणे युनिकोड आलं. जुन्या मजकुरातून उतरवलं की अक्षरं उलटीपालटी होतात. आपल्याकडे जुन्या मराठी फाँटमधली फाईल युनिकोडवाल्या संगणकावर उघडली की जे होतं, अगदी तेच. छापण्याआधी बर्मी वाचता येणाऱ्याकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या. इंग्रजी प्रत मात्र हवीच, आणि सह्या तिलाच जोडा. मराठी प्रत आपल्या लोकांसाठी.

2020 ला सोन्याची निवडणूक म्हणणं

8 नोव्हेंबर 2020 च्या निवडणुकीत नॅशनल लीग फॉर डेमोक्रसीने 476 पैकी 396 जागा जिंकल्या. लष्कराने मतदारयाद्यांत घोळ असल्याचा आरोप केला आणि 1 फेब्रुवारी 2021 ला सत्ता घेतली. तो कौल हिसकावला गेला हे खरंच, आणि 1990 मध्येही हाच पक्ष 392 जागा जिंकूनही लष्कराने सत्ता सोडली नव्हती.

पण 2020 मध्ये रोहिंग्यांना, म्हणजे राखाइन प्रांतातल्या मुस्लिम समाजाला, मत नव्हतं. राखाइन प्रांताच्या मोठ्या भागात मतदान सुरक्षेच्या कारणाने रद्द झालं होतं, आणि त्याच प्रांतात सितवे आहे. ज्या माणसाने आम्हाला दीक्षेचा रस्ता दाखवला त्याच्या गावाबद्दल बोलताना तिथल्या मुस्लिम शेजाऱ्यांना गाळून बोलणं मला जमत नाही. आमच्यातल्या काहींना हा उल्लेख नको होता. "आपण बौद्ध देशाला लिहितोय ना?" असं ते म्हणाले. आपण देशाला लिहितोय. तिथे चिन आणि काचिन भागात ख्रिस्ती आहेत, राखाइनमध्ये मुस्लिम आहेत. "प्रत्येक प्रौढ रहिवाशाला मत" ही ओळ त्यांच्यासाठी आहे आणि ती आम्ही काढली नाही.

शिव्या आणि धमक्या

"हुकूमशहा", "खुनी", "भारताने सैन्य घालावं". यातलं काहीही लिहू नका. राग खरा असला तरी असं पत्र दूतावासात उघडल्या उघडल्या बाजूला पडतं.

आपल्याच सरकारला विसरणं

ही चूक आम्ही सर्वात उशिरा ओळखली. 18 जून 2021 ला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत म्यानमारवरचा ठराव 119 विरुद्ध 1 मतांनी मंजूर झाला. 36 देश तटस्थ राहिले आणि त्यांत भारत होता. 21 डिसेंबर 2022 ला सुरक्षा परिषदेच्या 2669 क्रमांकाच्या ठरावावरही भारत, चीन आणि रशिया तटस्थ राहिले. भारताची अडचण मला कळते. 1,643 किलोमीटरची सीमा आहे, सितवे बंदरात आपली गुंतवणूक आहे. पण दिल्लीच्या शब्दाला तिथे वजन आहे ते त्याच सीमेमुळे आणि त्याच बंदरामुळे.

म्हणून निवेदनाची दुसरी प्रत परराष्ट्र मंत्रालयाला आणि तिसरी आपल्या खासदारांना द्या. खासदारांना नुसती प्रत देऊ नका. संसदेत विचारता येईल असा एक नेमका प्रश्न लिहून द्या, उदाहरणार्थ "म्यानमारमधल्या राजकीय कैद्यांच्या सुटकेबाबत भारत सरकारने 2021 पासून कोणते प्रयत्न केले?" उत्तर आलं तर ते कायमचं नोंदीत राहतं.

एकदा पाठवून गप्प बसणं

उत्तर बहुधा येणार नाही. आमच्या वहीत प्रत्येक पत्राची तारीख, स्पीड पोस्टचा क्रमांक आणि पोच चिकटवलेली आहे. दर तीन महिन्यांनी पुढचं पत्र जातं आणि त्याची पहिली ओळ आधीच्या पत्राची तारीख असते. खाली त्याच मागण्या, प्रत्येकीपुढे "झालं" किंवा "झालं नाही". गेल्या पत्रात सगळीकडे "झालं नाही" होतं. भंतेंनी ते बघितलं, पेन घेतलं आणि राजकीय कैद्यांच्या ओळीखाली एक बारीक रेघ ओढली. त्यांचा भाऊ त्या ओळीत आहे, हे त्यांनी आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. पत्रात आम्ही ते लिहिलं नाही.